दोन राजे आणि पंखांची जोडी

अण्णांचे ठसे मी मोडीत घातले होते आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. एवढी एक गोष्ट सोडली तर त्या तीन महिन्यांत आमच्या सिंगापुरातल्या, बिशानच्या फ्लॅटमध्ये सगळं कसं छान चाललं होतं!

अण्णा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात आमचं सोनाराचं दुकान होतं. काचेची कपाटं, एसी असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. एक गादी, एक ऐरण, शेगडी, फुंकणी, आणि पाठीमागच्या फळीवर काशाचे ठसे. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठेवायचा, वर शिशाचा तुकडा ठेवायचा आणि हातोडीचा एक नेमका घाव घालायचा, की पत्र्यावर चित्र उमटतं. आमचे ठसे पुतळ्यांचे, त्यातला एक अण्णांच्या आजोबांनी स्वतः कोरलेला. पुतळ्यांची माळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: सोन्याच्या चकत्या, त्यावर दोन उभ्या आकृत्या, भोवती कसलीतरी अक्षरं, आणि दोऱ्यात ओवायला वर एकेक कडी. अण्णा लग्नाला गेले की आधी नवरीच्या गळ्याकडे बघायचे, मग ताटाकडे.

दोन हजार चौदाच्या सुमाराला आई गेली. पाठोपाठ अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले आणि दुकानाची जागा विकायचं ठरलं. मी सिंगापुरात आयटीत मॅनेजर, नवरा जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सहा महिने पाण्यावर. मला ना भाऊ ना बहीण. दहा दिवसांची रजा टाकून एकटीच गेले. अण्णा ऑपरेशन करून कराडला आत्याकडे, डोळ्यांवर हिरवी पट्टी बांधून पडलेले. फोनवर म्हणाले, "महत्त्वाचं तेवढं ठेव." मी ठेवलं. तराजू ठेवला, हातोडी ठेवली, आईचा फोटो ठेवला. फळीवरचे काळे-हिरवे पडलेले काशाचे गोळे मात्र दोन पोत्यांत भरले आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवले. उकडत होतं, भूक लागली होती, कधी एकदा सुटते असं झालं होतं. पोतं जड होतं म्हणून एका बाजूनं मीच हात लावला.

खरं सांगायचं तर त्या ठशांबद्दल मला आदर नव्हताच. कॉलेजात चार इंग्रजी पुस्तकं वाचून मला शिंगं फुटली होती, तेव्हा एकदा मी अण्णांचं भिंग डोळ्याला लावून एक पुतळी नीट बघितली आणि जाहीर करून टाकलं, "अण्णा, ही अक्षरंच नाहीत! नुसत्या उभ्या रेघा आणि गोल. कुणीतरी कशाची तरी नक्कल केलीय, तुमच्या आजोबांनी त्या नकलेची नक्कल केली आणि तुम्ही आजोबांची." अण्णा म्हणाले, "असेल." आणि फुंकणी तोंडाला लावली. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशातली मी. त्या "असेल"ला मी माझा विजय समजले होते.

तर अण्णा सिंगापुरात आले. मुलीच्या घरी बसून खायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच त्यांनी घरातल्या सगळ्या चष्म्यांचे स्क्रू आवळून टाकले. डोळ्यांना आता बरं दिसत होतं. रोज सकाळी चहा घेताना एक वाक्य ठरलेलं: "परत गेलो की ठशांना तेल लावायला पाहिजे. पावसाळ्यात काशाला डाग पडतात." त्यांची समजूत अशी, की ठसे आत्याच्या माळ्यावर ट्रंकेत आहेत. मी म्हणायची, "हो." ऑफिसात पंधरा माणसांना तोंडावर खरं सुनावणारी मी, आणि बापापुढे रोज सकाळी "हो"! आज सांगू, उद्या सांगू करता करता दोन महिने गेले. परतीचं तिकीट तीन आठवड्यांवर आलं. विमानतळावरून ते सरळ त्या ट्रंकेकडे जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

अशात एका संध्याकाळी मी कामावरून आले तर अण्णा दार उघडून उभे. चेहरा नुसता फुललेला.

"मला दोस्त मिळाला," म्हणाले. "त्याच्याकडे भिंग आहे!"

आमच्या ब्लॉकखाली मोकळी जागा असते, व्हॉइड डेक म्हणतात त्याला. तिथं सिमेंटची टेबलं, गोल बाकं. अण्णा सकाळी तिथं जाऊन बसायचे. नवव्या मजल्यावरचे एक चिनी गृहस्थ, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, पलीकडच्या टेबलावर बसून डोळ्याला भिंग लावून काहीतरी न्याहाळत होते. अण्णांनी काय करावं? बंडीच्या खिशातलं आपलं भिंग काढलं आणि नुसतं वर धरून दाखवलं. झालं! एकाला मराठी सोडून काही येत नाही, दुसऱ्याला मराठीचा गंध नाही, आणि दोघं दोन तास एकमेकांच्या भिंगातून एकमेकांच्या वस्तू बघत बसले. अण्णांनी त्यांना आपली अंगठी दाखवली, त्यांनी अण्णांना जुनी चिनी नाणी दाखवली. मध्ये चौकोनी भोक असलेली. "भोक पाडायचं काय सुरेख साधलंय गं," अण्णा जेवताना सांगत होते, "चारी कोपरे धारदार!" आई गेल्यापासून एवढं बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्या गृहस्थांनी, म्हणजे मी ज्यांना अंकल म्हणायला लागले त्यांनी, आम्हाला घरी बोलावलं. मी दुभाषी. टेबलावर हिरवं कापड, चहा, अननसाची छोटी टार्ट्‌स. आधी अल्बम झाले. मग अंकल आत जाऊन काडेपेटीएवढी एक डबी घेऊन आले आणि आमच्यासमोर ती लगेच उघडलीच नाही. हात वर ठेवून बसले.

"आयुष्यात एकच महाग वस्तू घेतली मी," ते मला इथल्या 'लाह' लावून बोलायच्या इंग्रजीत म्हणाले. "बायको चिडली होती. महिनाभर बोलली नाही, लाह! तुझ्या पप्पांना सांग, हे मी फार कमी लोकांना दाखवतो."

डबी उघडली. आत शर्टाच्या बटणाएवढं एक नाणं. सोन्याचं, पण फिकट.

मला आधी वाटलं, एवढंसं? आणि मग अंकलनी भिंग माझ्या हातात दिलं, आणि आई शप्पथ सांगते, माझा श्वास अडकला. त्या बटणाएवढ्या जागेत एक माणूस होता. डोक्याला मोत्यांची पट्टी, सरळ नाक, मोठ्ठा टपोरा डोळा, खांद्यावर वस्त्राच्या चुण्या. कुणीतरी ते लोखंडाच्या ठशात कोरलं होतं, हातानं, चष्मा नाही, भिंग नाही, दिवा असलाच तर चरबीचा. इंग्लंडात. साडेतेराशे वर्षांपूर्वी! आपल्या ज्ञानेश्वरांच्याही आधी सहाशे वर्षं. मी ज्या देशाच्या भाषेत दिवसभर ईमेल लिहिते, त्या देशाला तेव्हा स्वतःचं नावसुद्धा धड नव्हतं, छोटी छोटी राज्यं होती, आणि त्यातल्या एका माणसानं हे केलं होतं.

अंकल सांगायला लागले. मास्तर शेवटी मास्तरच. मी वाक्यावाक्याला थांबवून अण्णांना मराठीत सांगत होते. रोमन लोक ब्रिटन सोडून गेले आणि त्यांच्यामागे तिथं नाणी पाडणंच बंद झालं. जवळजवळ दोनशे वर्षं कुणी एक नाणं पाडलं नाही. मग समुद्रापलीकडून, फ्रान्सच्या बाजूनं, सोन्याची छोटी नाणी यायला लागली. पण लोकांना त्यानं बाजारहाट करायची सवय कुठं होती? पुष्कळांनी त्याला कडी लावली आणि बायकांच्या गळ्यात घातलं.

"काय म्हणाला?" अण्णा ताठ बसले. "कडी लावून? गळ्यात?"

"हो."

"मग ती पुतळीच की!"

हे मी अंकलना सांगितलं, म्हणजे पुतळी काय असते ते सांगितलं, तर ते टेबलावर थाप मारून हसले. मग पुढची गोष्ट आली. पलीकडच्या लोकांनी रोमची नक्कल केलेली, इंग्रजांनी त्या नकलेची नक्कल केली. कधी एखादं अस्सल जुनं रोमन नाणं शेतात सापडायचं, तर त्यावरूनही उतरवायचे. हे नाणं तसलं. अंकलनी ते दोन बोटांनी कडेला धरून उलटं केलं.

मागच्या बाजूला दोन माणसं शेजारी शेजारी बसलेली. चेहरे म्हणजे दोन ठिपके, अंगं म्हणजे रेघा. आणि त्यांच्या डोक्यांच्या मागून दोन मोठे पंख पसरलेले. पंख कुणाचे, तर कुणाचेच नाहीत. वर एक एवढंसं डोकं, खाली पंख, बास.

अंकलनी पुस्तकातलं मूळ रोमन नाणं दाखवलं. इंग्रज कारागिरानं ते हातात घेतलं तेव्हाच ते जवळपास तीनशे वर्षं जुनं असणार. त्यावर दोन सम्राट एका सिंहासनावर बसलेत, दोघांनी मिळून पृथ्वीचा गोळा धरलाय, आणि मागे विजयाची देवी पंख पसरून उभी आहे. "हा सोनार," अंकल म्हणाले, "त्याला सम्राट माहीत नाहीत. देवी माहीत नाही. त्याचे स्वतःचे देव निराळे, किंवा तो नुकताच ख्रिस्ती झाला असेल. तरी बघ."

अण्णांनी पुस्तकातलं चित्र आणि नाणं आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांचा हात बंडीच्या आतल्या खिशात गेला आणि तिथून कसोटी बाहेर आली. काळा, बोटाएवढा दगड. सोनं त्यावर घासायचं आणि उमटलेल्या रेघेवरून कस सांगायचा. साठ वर्षं त्यांनी हेच केलं. दगड डाव्या हातात धरून त्यांनी उजव्या हातानं नाणं उचललं.

माझं डोकंच फिरलं. साडेतेराशे वर्षं टिकलेलं नाणं, आणि आता माझा बाप ते दगडावर घासणार! "अण्णा!" मी ओरडले आणि त्यांचं मनगट धरलं. घट्ट. चहाचा कप कलंडला, हिरव्या कापडावर डाग पसरला, अंकल अर्धे उठले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, जरा लाजल्यासारखं. परक्याच्या घरात मुलीनं हात धरला होता.

"मी घासणार होतो होय गं?" हळू आवाजात म्हणाले. "पांढऱ्या-हिरव्यावर सोनं फसवतं. काळ्यावर ठेवलं की रंग खरा दिसतो. साठ वर्षं सोनं हाताळलंय मी. दुसऱ्याची ठेव मी घासेन?"

मी मनगट सोडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंकलना समजावलं, तर त्यांनी स्वतःच नाणं अलगद त्या दगडावर ठेवलं आणि खिडकीशी नेलं. आणि खरंच, काय सांगू! काळ्या दगडावर ते नाणं असं उठलं, की अंकलसुद्धा चिनीत काहीतरी पुटपुटले. इतकी वर्षं जवळ बाळगून त्यांनी ते कधी काळ्यावर बघितलंच नव्हतं.

आता अण्णा वाचायला लागले. मी वाचायला म्हणते, कारण दुसरा शब्द नाही. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यावर भिंग.

"रुपं भरपूर घातलंय. सोनं मिळेनासं झालं असणार त्याला." हे मी सांगितलं तेव्हा अंकलनी मान डोलावली, त्या काळात सोनं खरंच तुटत चाललं होतं, थोड्याच वर्षांत ते लोक चांदीवर आले.

"दोनच हत्यारं आहेत याच्याकडे. एक सरळ छिन्नी, एक गोल. सगळी अक्षरं या दोनातच बसवलीत. बघ, हा गोल, ही रेघ, ही रेघ. आमचे आजोबा असंच करायचे." मग जरा थांबून, "सुरुवात इथून केली. इथं अक्षरं ऐसपैस. आणि इथं आल्यावर त्याच्या लक्षात आलं की जागा संपली, मग दाटीवाटीनं कोंबली शेवटची तीन. मेल्या, आधी मोजायचं नाही का!" हे शेवटचं ते नाण्याला म्हणाले, शेजारच्या दुकानातल्या पोराला म्हणावं तसं. मला हसू आलं. अंकलच्या जाड जाड पुस्तकांत त्या कारागिराबद्दल एक अक्षर नव्हतं, आणि माझा बाप त्याला दटावत होता.

"वाचता येत नव्हतं त्याला," मी म्हणाले.

"नसेल येत. पण पंख बघ." अण्णांनी भिंग काढलं. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते, ऑपरेशनमुळे की कशानं देव जाणे. "केवढे कष्ट घेतलेत पंखांवर! एकेक पीस वेगळं मारलंय. त्याला कळलं नव्हतं ते काय आहे. पण कळलं नाही म्हणून त्यानं ते टाकून नाही दिलं."

सोनारानंच कान टोचावे म्हणतात. माझ्या सोनारानं टोचले, आणि आपण टोचलेत हे त्याच्या गावीही नव्हतं. ती दोन पोती माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली. मी हे वाक्य अंकलना सांगितलंच नाही. ते विचारत राहिले, "काय म्हणाले? काय म्हणाले?" मी म्हटलं, पंख आवडले त्यांना.

अण्णा आता थांबेनात. कागद-पेन्सिल मागून घेतली आणि आमच्या पुतळीचं चित्र काढलं. आठवणीतून. दोन आकृत्या, एक उभी, एक जराशी वाकलेली, मध्ये उंच काठी, तिच्यावर निशाण, काठीच्या बाजूनं खाली उतरणाऱ्या रेघा आणि गोल. एकही रेघ खोडली नाही. "राम आणि सीता," म्हणाले, "मध्ये ध्वज."

अंकलनी चित्र बघितलं आणि खुर्चीतून उठलेच. "हे मला माहीत आहे! व्हेनिस!" कपाटातून दुसरं पुस्तक आलं. तिथं एक सोन्याचं नाणं, इटलीतलं. व्हेनिसचा राजप्रमुख गुडघे टेकून एका ख्रिस्ती संताच्या हातून ध्वज घेतोय. तोच वाक, तीच काठी, काठीशेजारी तशीच उतरणारी अक्षरं, फक्त ही वाचता येणारी. ही नाणी व्यापाऱ्यांबरोबर आपल्याकडे शेकडो वर्षं येत राहिली, अंकल म्हणाले, आणि तुमच्या सोनारांनी ती उतरवून घेतली.

आता हे अण्णांना कसं सांगायचं? लग्नालग्नात पुजून गळ्यात घातलेली राम-सीता, आणि निघाले कोण! मी चाचरत, शब्द जुळवत सांगितलं. अण्णांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली. अंकलचं इंग्रज नाणं एकीकडे, व्हेनिस एकीकडे, सातारा मध्ये, असं ते टेबल झालं होतं. आणि अण्णा पोट धरून हसायला लागले.

"अगं, मग काय झालं? रामानं कधी कुणाला दारातून परत पाठवलंय का?" डोळे पुसत म्हणाले. "तिकडं पंख उतरवले, इकडं ध्वज उतरवला. जात एकच आमची. ह्याला सांग, गेल्या गेल्या आजोबांच्या ठशावरून एक तांब्याची पुतळी मारून पाठवतो. खास ह्याच्यासाठी. ह्याच डबीत ठेव म्हणावं, त्या शेजारी."

मी अंकलना सांगितलं. शब्दन्‌शब्द. ते इतके खूश झाले की त्यांनी अण्णांचे दोन्ही हात हातात घेतले. आणि मी मध्ये बसून दोघांकडे बघून हसत होते. इतकी खोटी मी आयुष्यात कधी हसले नसेन.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. नवव्यावरून चौथ्यावर यायला किती वेळ लागतो? तेवढ्यात मी बोलून टाकलं. "अण्णा, ठसे नाहीत. मी भंगारात दिले. आत्याच्या ट्रंकेत काही नाही."

लिफ्ट थांबली. दार उघडलं. अण्णा बाहेर आले नाहीत. दार परत मिटायला लागलं तेव्हा मी हात घालून धरलं.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

"आजोबांचापण?"

मी मान डोलावली. ते बाहेर आले, चपला नीट एका रेषेत काढून ठेवल्या आणि त्यांच्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जायच्या आधी त्यांनी फक्त केळी खाल्ली, तीही त्यांनी स्वतः खाली जाऊन आणलेली. माझ्या घरचं अन्न त्यांनी बाजूला सारलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, उलट बोलले असते, रडले असते. पण हे! मी दुपारी ऑफिसच्या टॉयलेटमध्ये जाऊन रडले. रात्री दारात उभी राहून म्हटलं, "अण्णा, बोला की काहीतरी. मारा मला." ते म्हणाले, "तू एक फोन करायचा होतास." एवढंच. आणि ते खरं होतं. भंगारवाल्याला मी फोन लावून पाहिला होता, महिन्यापूर्वीच. माल केव्हाच वितळला होता.

मग शनिवार आला. मी उठले तर स्वयंपाकघरात लादीवर अण्णा मांडी घालून बसलेले. समोर पितळेचा एक ठोकळा. नवव्या मजल्यावरच्या मास्तरांनी कुठल्यातरी जुन्या दुकानातून आणून दिलेला. खालच्या हार्डवेअरच्या दुकानातले काँक्रीटमध्ये ठोकायचे चार खिळे घासून घासून त्यांच्या छिन्न्या केलेल्या. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या लग्नातली माळ आण."

मी आणली. त्यांनीच घडवलेली. मधली एक पुतळी त्यांनी दोऱ्यातून सोडवली, माझ्या डब्यातली कणीक मळून तिच्यात दाबली, ठसा उलटा कसा दिसेल ते बघून घेतलं, आणि ठोकळ्यावर पेन्सिलीनं आखायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठसा हरवला तर काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ठशातून पुतळी निघते, तसा पुतळीतून ठसा निघतो. त्या इंग्रजानंही हेच केलं होतं, असंच कुणाच्या तरी नाण्यावरून, असंच जमिनीवर बसून. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. चहा ठेवायचं भान राहिलं नाही.

ब्लॉकमध्ये ठोकाठोक करायची म्हणजे खालून तक्रार, म्हणून ठोकळ्याखाली घरातले सगळे टॉवेल. दिवसाला तीन तास, फक्त दुपारी. आठ दिवसांत दोन्ही आकृत्या झाल्या. ध्वज झाला. माझ्या घरी ते जेवायला लागले, पण पहिल्यासारखे नाही. वाढ म्हणायचे नाहीत, वाढलं तर खायचे. आजोबांच्या ठशाबद्दल आम्ही बोललो नाही. तो गेला तो गेलाच, आणि हा नवा त्याच्या जवळपासही नव्हता, मलाही दिसत होतं. सीतेचा खांदा जाड झाला होता. रामाचा हात कुठं संपतो ते कळत नव्हतं.

मग अक्षरांची वेळ आली आणि अण्णांचा हात थरथरायला लागला. मोठी रेघ त्यांना जमायची, पण अक्षरं तिळाएवढी. तीनदा छिन्नी टेकवली, तीनदा उचलली. चौथ्यांदा त्यांनी खिळा माझ्यापुढे धरला.

आमच्या दुकानात गादीवर मुलीनं बसायचं नसे. चहा आणून द्यायचा, उंबऱ्यावर उभं राहून बघायचं. चाळीस वर्षांत माझ्या बापानं माझ्या हातात कधी हत्यार दिलं नव्हतं, आणि मीही कधी मागितलं नव्हतं.

"मला नाही येणार, अण्णा."

"भिंग लाव. सावकाश. एक घाव, एक रेघ."

मी भिंग लावलं. ठोकळ्याचं पितळ एकदम मोठं झालं, त्यावर अण्णांच्या छिन्नीच्या खुणा शेतातल्या सऱ्यांसारख्या दिसायला लागल्या. इतक्या जवळून मी त्यांचं काम कधी बघितलंच नव्हतं. पहिली रेघ मारली. दुसरी मारली. बरी आली. मला वाटलं, अरे, जमतंय की! आणि तिसऱ्या घावाला छिन्नी सटकली ती सरळ ध्वज ओलांडून रामाच्या तोंडावर गेली. खोल चर पडला. पुसता येण्यासारखा नाही, घासता येण्यासारखा नाही.

माझ्या हातातून हातोडी गळून पडली. "गेलं," मी म्हटलं, "अण्णा, हेही घालवलं मी. हेही मीच." आणि त्या लिफ्टपासून आतापर्यंत साठलेलं सगळं बाहेर आलं. टॉवेलांच्या ढिगावर डोकं ठेवून मी लहान पोरीसारखी हुंदके देत रडले. चाळिशीची बाई, आयटीतली मॅनेजर.

अण्णांनी ठोकळा उचलला. खिडकीकडे धरून बराच वेळ भिंगातून पाहिलं. मग पहिल्यासारखा तो टॉवेलांवर ठेवला, माझा हात धरून छिन्नी पुन्हा जागेवर टेकवली, आणि म्हणाले, "चुकलं ते चुकलं. राहू दे तसंच. तू पुढचं अक्षर घे."